सीप्झमधल्या ‘इ’चं काय झालं? अंधेरीतून सर्किट बोर्ड का गेले आणि मागे काय उरलं?

मेट्रो-३ मध्ये ‘सीप्झ’ स्टेशनची घोषणा रोज हजारो लोक ऐकतात. पण या नावाचा पूर्ण अर्थ विचारला तर बरेच जण अडखळतील. सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्स्पोर्ट प्रोसेसिंग झोन. जागा अंधेरी पूर्वेला, नाव सांताक्रूझचं, आणि आत आज सगळ्यात जास्त काय चालतं? तर सोन्या-हिऱ्यांचे दागिने.

मधला ‘इलेक्ट्रॉनिक्स’ हा शब्द मात्र उगाच आलेला नाही. एकेकाळी तोच या जागेचा सगळा उद्देश होता.

हे आत्ता सांगायचं कारण म्हणजे २७ ऑक्टोबर २०२५ ला केंद्र सरकारने जाहीर केलेली एक यादी. इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग देशातच बनवण्यासाठीच्या योजनेत पहिले ७ प्रकल्प मंजूर झाले, एकूण गुंतवणूक ५,५३२ कोटी रुपये. त्यात भर होता प्रिंटेड सर्किट बोर्ड, म्हणजे पीसीबी आणि त्याच्या कच्च्या मालावर. ७ पैकी ५ प्रकल्प तमिळनाडूत, १ आंध्र प्रदेशात, १ मध्य प्रदेशात. महाराष्ट्राच्या नावापुढे शून्य. पुढच्या फेरीत राज्यांची यादी वाढली, पण पहिल्या फेरीने दिशा दाखवायची ती दाखवलीच.

देशातला इलेक्ट्रॉनिक्स निर्यातीचा खास झोन ज्या अंधेरीत उभा राहिला, ती अंधेरी या शर्यतीत का दिसत नाही?

शेंझेनच्या ७ वर्षं आधी

१९६५ मध्ये गुजरातेत कांडलाला निर्यात झोन सुरू झाला. त्यानंतर १९७३ मध्ये सीप्झ आलं, आणि ते फक्त इलेक्ट्रॉनिक्ससाठी होतं. कल्पना साधी होती. परदेशातून भाग आणायचे, इथे जोडायचे, तयार माल विमानाने बाहेर पाठवायचा. विमानतळ जवळ होता आणि कामाला माणसं मुंबईत होतीच. चीनने शेंझेनचा विशेष आर्थिक विभाग काढला तो १९८० मध्ये, म्हणजे अंधेरीनंतर ७ वर्षांनी.

सुरुवात खोटी नव्हती. टाटा-बरोजसारखी कंपनी इथून संगणकाच्या धंद्यात उतरली. टंडन समूहाचे कारखाने इथे फ्लॉपी ड्राइव्ह आणि त्याचे भाग तयार करून निर्यात करत. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पहिल्या पीसीत जी फ्लॉपी ड्राइव्ह होती, ती याच टंडन कुटुंबातल्या जुगी टंडन यांच्या अमेरिकेतल्या कंपनीची. सीप्झच्या इलेक्ट्रॉनिक्स युनिटमध्ये कामाला प्रामुख्याने बायका होत्या. बारीक, डोळे ताणणारं, तासन्‌तास एका जागी बसून करायचं काम.

झोनच्या बाहेरही हेच वारं होतं. १९८१ मध्ये गुलू मीरचंदानी आणि विजय मनसुखानी यांनी ओनिडा सुरू केली आणि पुढच्याच वर्षी अंधेरीच्या कारखान्यात टीव्ही जुळू लागले. त्याच वर्षी दिल्लीत एशियाड झालं आणि देशात रंगीत टीव्हीची हवा आली. शिंगवाल्या सैतानाची जाहिरात ज्यांना आठवते, त्यांच्या घरातल्या टीव्हीचा अंधेरीशी संबंध असण्याची शक्यता बरीच आहे.

मग काय झालं? फ्लॉपी संपली. तैवान, मलेशिया आणि त्यांच्यामागून चीन यांनी भाग बनवण्याची पूर्ण साखळी उभी केली, आपण जोडणीवरच थांबलो. सीप्झमध्ये १९८७-८८ पासून दागिन्यांच्या युनिटना परवानगी मिळाली आणि हळूहळू त्यांनीच जागा व्यापली. यात कुणाचा कट नव्हता. जिथे एका चौरस फुटाची किंमत गगनाला भिडते, तिथे मुठीत मावणाऱ्या लाखांच्या मालाचाच धंदा परवडतो. शिवाय शेंझेनचा विभाग सुरुवातीलाच ३०० चौरस किलोमीटरहून मोठा होता. सीप्झ सुमारे १०० एकरांचं, म्हणजे अर्धा चौरस किलोमीटरही नाही.

बोर्ड बनवणं आणि बोर्ड भरणं

इथे एक फरक समजून घेतला नाही तर पुढचं सगळं गोंधळाचं वाटेल. पीसीबीच्या धंद्यात दोन वेगवेगळी कामं आहेत.

पहिलं काम म्हणजे कोरा बोर्ड बनवणं. काचेच्या धाग्यांचं कापड आणि इपॉक्सी यांच्या ताटावर तांब्याचा पत्रा चिकटवलेला असतो. त्यावर सर्किटचा नकाशा उमटवतात आणि जिथे तांबं नको तिथलं रसायनाने विरघळवून टाकतात. मग भोकं पाडायची, भोकांच्या आतून तांब्याचा मुलामा चढवायचा, वर हिरवा थर द्यायचा. साध्या बोर्डाची जाडी १.६ मिलिमीटर आणि तांब्याचा थर ३५ मायक्रॉन, म्हणजे केसापेक्षाही बारीक. मोबाइलसारख्या वस्तूत असे अनेक थर एकावर एक दाबलेले असतात आणि ते एकमेकांशी तंतोतंत जुळावे लागतात.

दुसरं काम म्हणजे तो कोरा बोर्ड भरणं. त्यावर रेझिस्टर, कपॅसिटर, आयसी बसवायचे, सोल्डर करायचं, तपासायचं. यालाच असेंब्ली म्हणतात.

पहिल्या कामाला पाणी भरपूर लागतं आणि त्यातून निघणाऱ्या सांडपाण्यात तांबं, आम्लं असं बरंच काही असतं. ते साफ करायला स्वतःचा सांडपाणी प्रकल्प हवा आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती हवी. गंमत म्हणजे प्रिंटेड सर्किट बोर्ड आणि पोल्यूशन कंट्रोल बोर्ड, दोन्हींचं इंग्रजी लघुरूप पीसीबीच. एक पीसीबी बनवायचा तर दुसऱ्या पीसीबीच्या दारात उभं राहावंच लागतं.

आणि ते योग्यच आहे. विहार आणि पवई तलावांतून निघणारी मिठी नदी सीप्झ आणि मरोळच्या कडेने वाहत साकीनाक्याकडे, कुर्ल्याकडे जाते. २६ जुलै २००५ नंतर या नदीची अवस्था सगळ्या शहराने पाहिली. तिच्या काठच्या दाट वस्तीत तांबं विरघळवणारे कारखाने वाढावेत असं कुणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. १९७० च्या दशकापासूनच सरकारचं धोरण मोठे आणि प्रदूषण करणारे उद्योग बृहन्मुंबईबाहेर नेण्याचं आहे. त्यामुळे कोऱ्या बोर्डांचं मोठं काम राज्यात दुसरीकडे गेलं. अहिल्यानगरला एपिटोम, पुण्याला शोगिनी अशी नावं या धंद्यात माहितीची आहेत. सीप्झमध्ये फाइन-लाइन सर्किट्ससारखी कंपनी पीसीबीच्या धंद्यात उतरली, पण अशी नावं मोजकीच.

म्हणजे ‘अंधेरीत पुन्हा पीसीबीचे कारखाने आणा’ ही मागणी कितीही आकर्षक वाटली तरी तिला अर्थ नाही. प्रश्न दुसऱ्या कामाचा आहे.

गाळ्यातली असेंब्ली लाइन

अंधेरीची एमआयडीसी, गोरेगाव, घाटकोपर-विक्रोळीचा एलबीएस रोड, मुलुंड, आणि उत्तरेला बोरिवलीच्याही पुढे वसई. या पट्ट्यातल्या औद्योगिक इमारतींमध्ये बोर्ड भरण्याचं काम अजून चालतं. बाहेर पाटीही धड नसते. आत एक-दोन मशीन, एक लांब ओव्हन आणि भिंतीला लागून टेबलांची रांग. कोपऱ्यात फ्रीज दिसला तर त्यात जेवणाचे डबे शोधू नयेत, तिथे सोल्डर पेस्टचे डबे असतात. ती थंड ठेवली नाही तर बिघडते.

काम असं चालतं. स्टीलच्या पातळ पत्र्याला, म्हणजे स्टेन्सिलला बारीक खिडक्या कापलेल्या असतात. त्यातून बोर्डावर पेस्ट ओढतात. मग मशीन रिळांमधून एकेक भाग उचलून जागेवर ठेवतं. बोर्ड ओव्हनमधून जातो, पेस्ट वितळते, भाग चिकटतात. मोठे कनेक्टर, ट्रान्सफॉर्मर वगैरे हाताने डाग देऊन बसवतात. शेवटी तपासणी.

ऐकायला सोपं आहे, अडचण सगळी संख्येत आहे. मोबाइलच्या कारखान्यात एकच बोर्ड महिनोन्‌महिने चालतो. उपनगरातल्या गाळ्यात आज लिफ्टच्या कंट्रोलरचे २०० बोर्ड असतात, उद्या एखाद्या वैद्यकीय उपकरणाचे ५०. प्रत्येक वेळी मशीनवरची रिळं बदला, प्रोग्राम बदला, पहिला बोर्ड तपासून घ्या. मशीन चालण्यापेक्षा तयारीत जास्त वेळ जातो. रेझिस्टरचं रीळ येतं ५,००० नगांचं, लागतात ४००. उरलेले पैसे कपाटात पडून राहतात. आणि १०० भागांपैकी ९९ आले, एक आयसी आली नाही, तर २०० च्या २०० बोर्ड अर्धवट पडतात. २०२१ च्या चिपटंचाईत देशोदेशीच्या मोटार कंपन्यांनी हेच भोगलं. त्यांच्याकडे थांबायला भांडवल होतं, गाळेवाल्याकडे नव्हतं.

त्यात तंत्र सारखं पुढे सरकतंय. काही भाग आता ०.४ मिलिमीटर लांब आणि ०.२ मिलिमीटर रुंद आहेत. रव्याच्या कणाशीही तुलना करता येणार नाही इतके लहान. ज्या आयसीचे पाय तिच्या पोटाखाली असतात, तिचं सोल्डर डोळ्यांनी दिसतच नाही, त्याला एक्स-रे मशीन लागतं. युरोपला माल पाठवायचा तर जुलै २००६ पासून बहुतेक वस्तूंत शिसं चालत नाही. शिशाचं नेहमीचं सोल्डर १८३ अंशांना वितळायचं, बिनशिशाचं २१७ च्या पुढे. म्हणजे ओव्हन जास्त तापवा, वीज जास्त जाळा, चुकलात तर नाजूक भाग भाजून काढा.

एका गाळ्याला एक्स-रे मशीन परवडत नाही. दहा गाळ्यांना मिळून परवडेल, पण हे दहा जण एकमेकांचे स्पर्धक आहेत.

कोरा बोर्ड शून्य, भरलेला बोर्ड १५

आता सरकारी धोरणाकडे येऊ, कारण खरा पेच तिथे आहे.

जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती-तंत्रज्ञान कराराखाली भारताने १९९७ मध्ये अनेक वस्तूंवरचं आयात शुल्क शून्यावर आणायचं मान्य केलं. कोरा पीसीबी त्यात आला. म्हणजे चीनमधून कोरा बोर्ड आणला तर मूळ सीमाशुल्क शून्य. दुसरीकडे, मोबाइल देशात जोडले जावेत म्हणून २०१८ मध्ये मोबाइलच्या भरलेल्या बोर्डावर शुल्क लावलं, ते जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आलं. परिणाम सरळ होता. बोर्ड बाहेरून आणा, भरा इथे. जोडणी वाढली, बोर्ड परकेच राहिले.

करारामुळे शुल्क वाढवता येत नाही, म्हणून देशातल्या बोर्ड बनवणाऱ्यांनी दुसरा रस्ता धरला. मार्च २०२४ मध्ये चीन आणि हाँगकाँगहून येणाऱ्या ६ थरांपर्यंतच्या पीसीबीवर ५ वर्षांसाठी अँटी-डम्पिंग शुल्क लागलं. हिरे घडवणाऱ्याला कच्चा हिरा महाग झाल्यावर जे होईल, तेच इथे झालं. बोर्ड बनवणारा खूश, बोर्ड भरणारा अडचणीत. अंधेरीचे गाळे बहुतांशी दुसऱ्या गटात मोडतात.

अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि नवे स्टार्टअप तर चीनच्याच साइटवर जातात. जेएलसीपीसीबीसारख्या कंपन्या ५ छोटे बोर्ड २ डॉलरला देण्याची जाहिरात करतात, बोर्डापेक्षा कुरिअर महाग पडतं. यात जादू नाही. जगभरच्या शेकडो गिऱ्हाइकांची डिझाइन एकाच मोठ्या ताटावर शेजारी-शेजारी मांडून ते एकदम काढतात आणि मग कापून वेगळी करतात. एसटीचं तिकीट टॅक्सीपेक्षा स्वस्त का, तर त्याच कारणाने. तेवढी गिऱ्हाइकं एका जागी गोळा करणं आपल्याकडे कुणाला मोठ्या प्रमाणावर जमलेलं नाही.

आता सुरुवातीच्या यादीमागची योजना. केंद्रीय मंत्रिमंडळाने २८ मार्च २०२५ ला इलेक्ट्रॉनिक्स सुट्या भागांची योजना मंजूर केली, तरतूद २२,९१९ कोटी रुपये. २०२६ च्या अर्थसंकल्पात ती ४०,००० कोटींवर नेण्याची घोषणा झाली. पहिल्या प्रकल्पांमधून देशाची पीसीबीची २० टक्के गरज भागेल असा सरकारचा दावा आहे. योजना गरजेची आहे यात शंका नाही. बोर्डच परका असेल तर ‘मेक इन इंडिया’ म्हणजे नुसती जुळवाजुळव, हा आक्षेप तिने पहिल्यांदा गांभीर्याने घेतला.

पण दारातली उंची बघा. अनेक थरांचा पीसीबी बनवायचा असेल तर किमान गुंतवणूक ५० कोटी. मोबाइलमध्ये लागणारा अतिसूक्ष्म जोडणीचा किंवा लवचिक पीसीबी बनवायचा तर १,००० कोटी. आणि साधी असेंब्ली? ती या योजनेच्या मुख्य विषयातच नाही. दोन मशीनच्या गाळ्यासाठी इथे काहीच नाही.

या उंचीवर कोण पोचतं याचं एक उदाहरण याच अंधेरीशी बांधलेलं आहे. सिरमा एसजीएस ही टंडन समूहाची कंपनी, ऑगस्ट २०२२ मध्ये ८४० कोटींचा आयपीओ घेऊन शेअर बाजारात आली. तिचं नोंदणीकृत कार्यालय अंधेरी पूर्वेला एमआयडीसीत आहे. कारखाने मात्र तमिळनाडू, हरियाणा, कर्नाटक असे पसरलेले. केंद्राच्या पहिल्या यादीत तिचं नाव होतं, आणि तिचा नवा पीसीबी प्रकल्प कोरियातल्या शिनह्योप कंपनीच्या साथीने आंध्रातल्या नायडूपेटमध्ये येतोय. सीप्झमध्ये फ्लॉपी ड्राइव्ह जोडण्यापासून नायडूपेटमध्ये बोर्ड बनवण्यापर्यंत. टंडन समूह धंद्यात टिकून राहिला, अंधेरीच्या वाट्याला पत्ता उरला. यात कंपनीला दोष देण्यासारखं काही नाही. जमीन, पाणी, वीज आणि सवलत जिथे एकत्र मिळेल तिथेच कारखाना जाणार.

महाराष्ट्राने हातावर हात ठेवले असंही नाही. वेदांता-फॉक्सकॉन सप्टेंबर २०२२ मध्ये गुजरातला गेल्यावर गदारोळ झाला आणि पुढच्याच महिन्यात पुण्याजवळ रांजणगावला ४९२.८५ कोटींच्या इलेक्ट्रॉनिक्स क्लस्टरला केंद्राची मंजुरी जाहीर झाली. पण रांजणगाव वेगळं आणि घाटकोपरचा गाळा वेगळा. तिथल्या टेबलावर भिंगाखाली डाग देणारी बाई रोज रांजणगावला जाऊ शकत नाही.

गाळ्यांचं खरं दुखणं

उपनगरांत औद्योगिक जागेचं निवासी किंवा व्यापारी जागेत रूपांतर अनेक वर्षं चालू आहे. गोरेगावची निरलॉन एकेकाळी नायलॉनचा धागा काढायची, आज तिथे आयटी पार्क आहे. औद्योगिक इमारत पुनर्विकासाला गेली की मालकाला मोबदला मिळतो, भाडेकरू गाळेवाल्याला नोटीस मिळते. तो वसई किंवा भिवंडी गाठतो. मशीन टेम्पोतून जातं, पण दहा-पंधरा वर्षं हात बसलेल्या कामगारांतले सगळे जात नाहीत. या धंद्यात मशीनपेक्षा ते नुकसान मोठं.

त्यात कच्चा माल. जानेवारी २०२६ मध्ये लंडनच्या बाजारात तांबं टनाला १३,००० डॉलरच्या वर गेलं. एआयसाठीच्या सर्व्हरना अनेक थरांचे मोठे बोर्ड लागतात, त्यामुळे चांगलं काचकापड आणि मेमरी चिप यांच्या पुरवठ्यावर जगभर ताण आला. हैदराबादच्या डेटा सेंटरची भूक घाटकोपरच्या बिलात दिसते ती अशी. पैसे वेळेवर मिळावेत म्हणून आयकर कायद्यात तरतूद आली खरी: लघुउद्योगांची बिलं ४५ दिवसांत चुकवली नाहीत तर खरेदीदाराला त्या वर्षी तो खर्च दाखवता येत नाही. पण मोठ्या गिऱ्हाइकाकडे कायदा दाखवून पुढची ऑर्डर घालवायची हिंमत किती जणांत असते?

मग या गाळ्यांना वाचवायचं तरी कशाला, असा प्रश्न येऊ शकतो. कारण नव्या वस्तूचे पहिले ५० बोर्ड ५० कोटींचा कारखाना हातात घेत नाही. पवईत आयआयटी आहे, तिच्याच आवारात ‘समीर’ ही सूक्ष्मलहरी तंत्रज्ञानाची सरकारी संस्था आहे. आजूबाजूला वैद्यकीय उपकरणं, वीजमापक, लिफ्ट, मोजमाप यंत्रं बनवणारे आहेत. डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरला सकाळी फाइल देऊन दोन दिवसांत समोर बसून बोर्ड दुरुस्त करून घेता येणं, ही सोय शेंझेनमध्ये आहे आणि म्हणूनच तिथे नव्या वस्तू जन्मतात. मुंबईत ती मोडकळीला आलेल्या रूपात का होईना, अजून आहे.

उपाय शोधायला लांब जावं लागत नाही. १२ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते सीप्झमध्येच ‘भारत रत्नम’ हे सामायिक सुविधा केंद्र सुरू झालं. दागिन्यांच्या छोट्या युनिटना एकेकट्याने न परवडणारी यंत्रं, धातूचं थ्रीडी प्रिंटिंग, कामगारांचं प्रशिक्षण, सगळं एका छताखाली. हेच इलेक्ट्रॉनिक्ससाठी करता येतं. एक एक्स-रे मशीन, एक चांगली तपासणी प्रयोगशाळा, सुट्या भागांचा सामायिक साठा आणि भिंगाखाली काम शिकवणारी एक शाळा. केंद्राच्या सूक्ष्म-लघुउद्योग क्लस्टर योजनेत ५ ते १० कोटींच्या अशा केंद्राला ७० टक्क्यांपर्यंत आणि १० ते ३० कोटींच्या केंद्राला ६० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळू शकतं. ४०,००० कोटींच्या शेजारी हे आकडे चिल्लर आहेत.

अडतं ते दोन ठिकाणी. अर्ज करायला गाळेवाल्यांनी एकत्र येऊन एक संस्था काढावी लागते, आणि जे एकमेकांच्या पार्ट्या पळवतात त्यांना एका टेबलावर बसवणं सोपं नाही. दुसरी गोष्ट जागेची. ती एमआयडीसीने किंवा सीप्झ प्रशासनाने द्यावी लागेल, आणि अंधेरीत कुठल्याही रिकाम्या मजल्यासाठी दागिने, आयटी आणि बिल्डर असे तिघे आधीच रांगेत असतात.